बुद्धिबळ : सोंगट्या, नियम आणि नवशिक्याच्या शंका



या वसंतातील व्याख्यानांसाठी चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी किमान वेतनावर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलेन. त्या विषयांवर मी वर्षभर फाटकासभांतून बोलतच असतो. म्हणून या खेपेला मी बुद्धिबळ मागून घेतले. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर झाले. बुद्धिबळही मी तसाच शिकलो. तेव्हा या खेळातील जाणत्यांनी माझ्या भाषणात नवे काही शोधू नये. ज्यांच्या घरी मुलांनी पट आणला आहे आणि ‘उंट तिरपाच का जातो?’ या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर नाही, त्या आईबापांसाठी हे भाषण आहे.

असे प्रश्न आपल्या भागात अलीकडे फार विचारले जातात, आणि त्याला कारणही तसेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे डी. गुकेश हा अठरा वर्षांचा मुलगा विश्वविजेता झाला. पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनेरू हंपी ही भारताचीच मुरलेली खेळाडू होती. दिव्याचे वय तेव्हा १९ वर्षांचे. त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. सेवाग्रामहून नागपूर रेल्वेने तासा-दीड तासाच्या वाटेवर. इतक्या जवळची मुलगी जग जिंकून आली म्हटल्यावर घरोघर पट येणारच. पट आले, आणि त्यांच्यामागून नियमांचे वादही आले.

दोन तऱ्हेचे बुद्धिबळ

वादांची मला सवय आहे, कारण मी हा खेळ वादातूनच शिकलो. एका जिनिंग कारखान्यात टाळेबंदी चालू होती. माणसे दिवसभर फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून असत. आमच्यात एक म्हातारे हमाल होते. त्यांना सारे बाबाजी म्हणत. त्यांनी गाठींवर नंबर टाकण्याच्या शाईने बारदानाच्या तुकड्यावर पट आखला. प्यादी म्हणून चिंचोके घेतले. एका बाजूचे दगडावर घासून पांढरे केलेले, दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे. मोठ्या सोंगट्या लाकडाच्या ढलप्यांच्या. पहिल्याच दिवशी भांडण जुंपले. शाळेत खेळ शिकलेला एक तरुण कारकून प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे चालवी; बाबाजींचे म्हणणे, प्यादे चालेल तर एकच घर. कारकून पुस्तकाचा हवाला देई, बाबाजी आपल्या आज्याचा. अखेर बाबाजी म्हणाले, ‘‘आधी ठराव, मंग डाव.’’ कोणत्या नियमाने खेळायचे ते पाच माणसांसमोर ठरले, आणि मग पुन्हा त्यावरून वाद झाला नाही.

खरे पाहता दोघांचेही बरोबर होते. आपल्याकडे परंपरेने चालत आलेले देशी बुद्धिबळ वेगळे आणि आज स्पर्धांतून खेळले जाते ते आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ वेगळे. देशी डावात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नसे; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेण्याची त्याला मुभा असे. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्याच्या घरात पोहोचले तीच सोंगटी बने. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. त्यातही गावोगाव थोडा फरक. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्रिवेंगडाचार्य या पंडिताने ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ लिहिला. १८१४ साली मुंबईत तो इंग्रजीत छापताना युरोपीय पद्धतीला जुळवून घ्यावा लागला. म्हणजे नियमांची ही तफावत दोनशे वर्षांपूर्वीही लोकांना जाणवत होती. पुढे १९२४ साली पॅरिस येथे जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली. आज जगभर तिचेच नियम चालतात.

देशी डावाला कोणी कमी लेखू नये म्हणून एक उदाहरण सांगतो. पंजाबातील मीर सुलतान खान हा आधी देशी नियमांनी खेळलेला माणूस. उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाने तो १९२९ साली इंग्लंडला गेला. नवे नियम अजून अंगवळणी पडायचे होते, तरी त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही ते जिंकले. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेता कापाब्लांका यालाही हरविले. हयातीत त्याला कोणताही किताब मिळाला नाही. जागतिक संघटनेने मानद ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, मरणोत्तर.

पट आणि चाली

आता पटाकडे वळू. पटावर आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ घरे. निम्मी पांढरी, निम्मी काळी. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे. पुष्कळ घरांत पट इथेच चुकतो. मागल्या रांगेत दोन्ही कोपऱ्यांत हत्ती, त्यांच्या आत घोडे, त्यांच्या आत उंट आणि मधोमध राजा व वजीर. यांत कोण कुठे, हा घोळ टाळण्याची खूण सोपी आहे : वजीर आपल्या रंगाच्या घरात उभा राहतो. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. पुढल्या रांगेत आठ प्यादी. पहिली खेळी पांढऱ्याची. हा दंडकही फार जुना नाही. तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला.

हत्ती सरळ जातो, उभा किंवा आडवा, वाट मोकळी असेल तितकी घरे. उंट तिरपा जातो. त्यामुळे जो उंट पांढऱ्या घरात उभा राहिला तो डाव संपेपर्यंत पांढऱ्याच घरांतून फिरतो. काळ्या घरातील शत्रूला त्याच्यापासून भय नाही. वजीर सरळही जातो आणि तिरपाही. राजा कोणत्याही दिशेला जातो, पण एकच घर. घोड्याची चाल अडीच घरांची : दोन घरे सरळ आणि एक बाजूला. मधल्या सोंगट्यांवरून उडी मारणारा तो एकटाच. शिवाय तो प्रत्येक खेळीला घराचा रंग बदलतो; काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. मुलांना ही खूण सांगावी, म्हणजे घोडा चुकीच्या घरात पडत नाही.

प्यादे सरळ चालते आणि तिरपे मारते. पहिल्या खेळीला हवे तर दोन घरे, एरवी एकच. मागे फिरणे त्याला नाही. सोंगट्यांची सर्वसाधारण किंमत अशी धरतात : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच गेला. प्यादे १ म्हणून नवशिका ते सहज देऊन टाकतो, आणि तिथेच फसतो. फ्रान्समधील फिलिदोर हा संगीतकार आपल्या काळचा फार मोठा खेळाडू होता. १७४९ सालच्या ग्रंथात त्याने प्याद्यांनाच या खेळाचा प्राण मानले आहे. एकटे प्यादे कोणीही मारतो. पण दोन प्यादी एकमेकांना तिरपी लागून उभी राहिली की पुढल्याला मागल्याचा जोर मिळतो आणि वजिरालाही तिथे विचार करावा लागतो. हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

नावांची गोष्ट

पहिली शंका नावांविषयी. मुले विचारतात, वजीर म्हणावे की राणी? आपला शब्द वजीर. खेळाचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त त्याचा उल्लेख आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात या खेळाची माहिती येते. भारतातून तो इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. वाटेत नावे बदलत गेली. ज्याला आपण उंट म्हणतो तो बंगालीत गज, म्हणजे हत्ती. इंग्रजीत धर्मगुरू, फ्रेंचमध्ये विदूषक आणि जर्मनमध्ये धावणारा जासूद. बंगालीत कोपऱ्यातल्या हत्तीची नौका झाली आहे. ‘शह’ हा शब्द फारशी ‘शाह’ म्हणजे राजा यावरून आला. ‘मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला.

वजीर मुळात अगदी दुबळा होता. तिरपे एक घर, एवढीच त्याची धाव. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची लांब धाव मिळाली. आपण नाव जुने ठेवले आणि चाल नवी घेतली.

पटावर राणी सर्वांत बलवान झाली, पण पटाशी बसणाऱ्या स्त्रियांची वाट तितकी सोपी नव्हती. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. रोहिणी खाडिलकर पुढे १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. दिव्याच्या यशाची बातमी वाचताना या निर्णयाचीही आठवण ठेवावी.

नवशिक्याच्या शंका

राजा मारत का नाहीत? राजावर हल्ला झाला म्हणजे शह. शह मोडण्याच्या वाटा तीनच : राजा हलवणे, मध्ये सोंगटी घालणे, किंवा शह देणारी सोंगटी मारणे. तीनही बंद झाल्या की मात, आणि डाव तिथेच संपतो. राजा पटावरून उचलण्याची पाळी येतच नाही. ‘शह’ असे तोंडाने म्हणणे ही आपल्याकडची सभ्य चाल आहे. स्पर्धेच्या नियमात तशी सक्ती नाही. सक्ती आहे ती वेगळी : जिला हात लावला ती सोंगटी चालवलीच पाहिजे. ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

दोन वजीर चालतात का? चालतात. आंतरराष्ट्रीय नियमात टोकाला पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, जे हवे ते करता येते. पहिला वजीर पटावर आहे की नाही याचा संबंध नाही. आठही प्यादी पोहोचली तर हिशेबाने नऊ वजीर होतील. मात्र प्यादे प्यादेच राहू शकत नाही आणि त्याचा राजा होत नाही.

किल्लेकोट केव्हा करावा? राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येऊन शेजारी उभा राहतो. एका खेळीत दोन सोंगट्या हलण्याचा हा एकच प्रसंग. अटी अशा की, राजा व तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी असावीत. राजाला त्या वेळी शह नसावा. आणि राजा ज्या घरावरून जातो व ज्या घरात जातो तिथे शत्रूचा मारा नसावा. हत्तीवर मारा असला तर हरकत नाही.

आणखी एक शंका हमखास येते : ‘त्याने माझे प्यादे शेजारून जाताना मारले, ही लबाडी नव्हे काय?’ नव्हे. प्याद्याला दोन घरांची सवलत मिळाली, तेव्हा ते शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहू लागले. म्हणून नियम झाला की, असे प्यादे एकच घर चालले आहे असे समजून शत्रूच्या प्याद्याने ते तिरपे मारावे. पण ते लगेच पुढल्याच खेळीला. एक खेळी गेली की हक्क गेला. सवलत मिळाली की तिच्या पाठोपाठ अट येतेच.

सर्वांत लवकर मात किती खेळींत? दोन. पांढऱ्याने राजाकडल्या उंटापुढचे प्यादे एक घर आणि त्याच बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, तर तेवढ्यात राजापुढचे प्यादे सारून काळा आपला वजीर तिरपा बाहेर काढतो आणि दुसऱ्याच खेळीला मात देतो. राजापुढची प्यादी उगाच हलवू नयेत हा याचा धडा. आणि खेळ किती अफाट आहे ते पाहा. पांढऱ्याला पहिली खेळी २० प्रकारे खेळता येते. सोळा प्याद्यांनी आणि चार घोड्यांनी. काळ्यालाही तितक्याच प्रकारे उत्तर देता येते. म्हणजे एकेक खेळी होते न होते तोच पट ४०० तऱ्हांनी मांडला जाऊ शकतो.

कोंडी

शेवटची शंका सर्वांत अवघड. ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही. पण त्याच्यापाशी नियमात बसेल अशी एकही खेळी उरलेली नाही. याला कोंडी म्हणू. समजा, काळ्याचा एकटा राजा कोपऱ्यात आहे आणि पांढऱ्याने आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या चालीवर आणून ठेवला. कोपऱ्याभोवतीची तीनही घरे बंद, पण राजावर शह नाही. अशा वेळी काय होते? डाव बरोबरीत सुटतो. पांढऱ्याजवळ वजीर, दोन हत्ती काहीही असो, निकाल बरोबरीचाच. नवशिक्याला हा घोर अन्याय वाटतो. लोकांनी याची उत्तरेही निरनिराळी दिली आहेत. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, ज्याने कोंडी केली तोच हरला असे मानीत.

बाबाजींशी खेळताना एकदा माझ्याकडून असेच झाले. माझा वजीर होता, दोन्ही हत्ती होते. त्यांचा राजा आणि एक अडकलेले प्यादे. मी त्यांना पुरते कोंडले आणि ‘मात!’ म्हणून ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, ‘‘त्याले शह कुठी हाये? शह नाई तं मात कायची? खेळी मागं घे. त्याले चालाले एक घर तं ठेव.’’ त्यांच्या देशी नियमात अशी खेळी करताच येत नसे. मी कुरकुरत ती मागे घेतली आणि पुढे चार खेळींत मात दिली.

पुष्कळ वर्षांनी एका कारखान्यात थकलेल्या मजुरीचा आणि बोनसचा वाद आला. हंगाम ऐन भरात होता, कापसाच्या गाड्या फाटकाशी उभ्या होत्या आणि आमची माणसे एकजुटीने बाहेर होती. मालक म्हणाला, थकबाकी दोन हप्त्यांत देतो. मी नाही म्हटले. अर्धा बोनस आता आणि अर्धा हंगाम संपल्यावर, असे तो म्हणाला. तेही मी नाकारले. मध्यस्थाचे नाव पुढे आले, ते मी फेटाळले. सभेत टाळ्या पडत होत्या. त्याला हलायला घर उरले नाही तेव्हा त्याने त्या हंगामापुरता कारखानाच बंद केला आणि कापूस दुसऱ्या गावी वळवला. आमच्या साठएक कुटुंबांची हंगामाची मजुरी बुडाली. थकबाकी मिळाली ती पुढल्या साली, आणि तीही त्याच दोन हप्त्यांनी. मालकाचा दोष असेल. पण खेळी माझी होती. ‘मागं घे’ म्हणायला बाबाजी तोवर राहिले नव्हते.

याचा अर्थ मात देऊच नये असा नाही. मात द्यायची तर शेवटच्या खेळीपर्यंत समोरच्याची घरे मोजावी लागतात. स्वतःचे बळ मोजून भागत नाही. कोंडीचा नियम जिंकणाऱ्याला एवढेच शिकवतो. हरणाऱ्यालाही तो काही देतो. वजीर गेला, हत्ती गेले, तरी डाव संपेपर्यंत बसून राहिले तर बरोबरी हाती लागू शकते. तेव्हा आपल्या मुलाला दोन गोष्टी सांगा : जिंकत असशील तर घाई करू नकोस, आणि हरत असशील तर पट उधळून उठू नकोस.

मांडवाच्या कडेला चालकांनी चार पट मांडून ठेवले आहेत. ज्यांना बसायचे असेल त्यांनी बसावे. मात्र प्यादे एक घर की दोन, ते आधी ठरवून घ्यावे.